हवेचा भार मोजणारा ब्लेझ पास्कल

दाब आणि घनता हे दोन शब्द पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत विद्यार्थ्यांना फार लवकर भेटतात, आणि पुष्कळदां तितक्याच लवकर ते पाठ होऊन विसरलेहि जातात. एकक क्षेत्रफळावर पडणारा जोर म्हणजे दाब, व एकक घनफळांत सामावलेलें वस्तुमान म्हणजे घनता, एवढें उत्तरपत्रिकेंत लिहिलें कीं काम भागतें. परंतु हीं दोन लहानशीं वाक्यें मनुष्याला सहज गवसलेलीं नाहींत. आपल्या डोक्यावर हवेचा केवढा तरी भार आहे ही गोष्ट शतकानुशतकें बहुतेकांच्या ध्यानांतहि आली नव्हती. आणि ज्यांच्या ध्यानांत ती आली त्यांना ती सिद्ध करून दाखविण्यासाठीं पारा, कांच, डोंगर आणि अपार धीर यांची मदत घ्यावी लागली. अशा थोड्या लोकांत फ्रान्स देशांतील ब्लेझ पास्कल याचें नांव फार वरचें आहे. त्याला आयुष्य अवघें एकोणचाळीस वर्षांचें लाभलें, आणि त्यांतीलहि निम्म्याहून अधिक काळ दुखण्यांत गेला. अशा मनुष्यानें काय केलें व तें कसें केलें, हें वाचकांपुढें मांडावें असा आमचा विचार आहे.

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजीं फ्रान्सच्या मध्यभागीं ओव्हेर्न प्रांतांतील क्लेर्मां या गांवीं झाला. हा प्रांत विझून गेलेल्या जुन्या ज्वालामुखींचा आहे. त्यांपैकीं प्वी-द-दोम नांवाचा डोंगर क्लेर्मांच्या पश्चिमेस उभा आहे. या डोंगराचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याच्याशीं आपल्याला काम पडणार आहे. ब्लेझचे वडील एत्येन पास्कल हे करविषयक न्यायालयांतील एक मोठे अधिकारी असून गणिताचे चांगले जाणते होते. ब्लेझ तीन वर्षांचा असतांना त्याची आई वारली. मागें वडील, थोरली बहीण जिल्बेर्त, ब्लेझ आणि धाकटी बहीण जाक्लीन एवढींच माणसें राहिलीं. वडिलांनीं दुसरें लग्न केलें नाहीं. १६३१ सालीं ते मुलांना घेऊन पॅरिसला राहावयास आले, आणि मुलांचें शिक्षण कोणा शिक्षकाच्या स्वाधीन न करतां त्यांनीं तें स्वतःच्या हातीं घेतलें. ब्लेझ कधींहि शाळेंत गेला नाहीं.

एत्येन पास्कल यांची शिकविण्याची रीत त्या काळच्या मानानें निराळी होती. मुलाची समज नेहमीं त्याच्या अभ्यासाच्या वरचढ राहावी, अभ्यासाचें ओझें समजुतीच्या वर जाऊं नये, असा त्यांचा नियम होता. प्रथम भाषा व मग गणित असा क्रम त्यांनीं ठरविला होता. गणिताची गोडी एकदां लागली म्हणजे मुलगा लॅटिन व ग्रीक सोडून देईल या भीतीनें त्यांनीं गणिताचीं पुस्तकें कुलपांत ठेविलीं, व मुलासमोर त्या विषयाची चर्चाहि ते टाळीत. भूमिति म्हणजे काय असें मुलानें विचारलें, तेव्हां बिनचूक आकृत्या काढण्याचें व त्यांचीं परस्पर प्रमाणें शोधण्याचें तें शास्त्र आहे, एवढेंच उत्तर त्याला मिळालें. बारा वर्षांच्या मुलाला तेवढें पुरें झालें. खेळाच्या वेळीं तो एकटाच एका खोलींत बसे व कोळशानें फरशीवर आकृत्या काढी. वर्तुळ, रेषा हीं नांवेंहि त्याला ठाऊक नव्हतीं. वर्तुळास तो कडें म्हणे आणि रेषेस दांडा. अशा रीतीनें एकेक पायरी चढतां चढतां त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी होते या सिद्धांतापर्यंत तो येऊन पोंचला, आणि त्याच वेळीं वडील खोलींत आले. ही हकीकत जिल्बेर्तनें लिहिलेल्या आपल्या भावाच्या चरित्रांत आहे. वडिलांनीं रागावण्याऐवजीं डोळे पुसले आणि युक्लिडचा ग्रंथ मुलाच्या हातीं दिला. मुलाचा कल ओळखणें, आणि तो ओळखल्यावर आपण ठरविलेला क्रम बाजूस ठेवणें, या दोन्ही गोष्टी आईबापांनीं विचार करण्यासारख्या आहेत.

त्या वेळीं पॅरिसमध्यें मेर्सेन नांवाच्या विद्वान् मठवासीयाकडे गणितज्ञांची बैठक भरत असे. वडिलांबरोबर ब्लेझहि तेथें जाऊं लागला. सोळाव्या वर्षीं त्यानें शंकुच्छेदांवर एक निबंध लिहिला व तो १६४० सालीं छापला गेला. शंकुच्छेदांत काढलेल्या षट्कोणाविषयींचा त्याचा सिद्धांत आजहि त्याच्याच नांवानें शिकविला जातो.

मध्यंतरीं या कुटुंबावर एक संकट आलें होतें. सरकारी रोख्यांवरील व्याजाच्या बाबतींत सरकारनें केलेल्या फिरवाफिरवीविरुद्ध १६३८ सालीं एत्येन पास्कल यांनीं तक्रार केली. त्यामुळें मुख्य प्रधान कार्डिनल रिशल्यू यांची त्यांच्यावर इतराजी झाली व कैद चुकविण्यासाठीं त्यांना लपून राहावें लागलें. पुढच्या वर्षीं रिशल्यूपुढें मुलांचें एक नाटक झालें, त्यांत लहानग्या जाक्लीननें काम केलें. तिचें काम प्रधानाला आवडलें, आणि त्या प्रसंगीं तिनें वडिलांसाठीं क्षमा मागितली. क्षमा तर मिळालीच, शिवाय वडिलांची रूआं या शहरीं करवसुलीच्या मोठ्या अधिकारावर नेमणूक झाली.

करवसुलीचें काम म्हणजे आंकड्यांचा डोंगर. फ्रान्सचें नाणें त्या काळीं लिव्र, सू आणि दनिए असें तीन पायऱ्यांचें होतें; बारा दनियांचा एक सू व वीस सूंचा एक लिव्र. आपल्याकडे पूर्वी रुपये, आणे व पै यांच्या बेरजा करतांना पोरांना किती घाम फुटत असे हें वडील माणसांना आठवत असेल. तोच प्रकार तेथें होता. वडील रात्र रात्र जागून हिशोब करीत. तें पाहून १६४२ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, ब्लेझनें हिशोब करणारें यंत्र बनविण्यास आरंभ केला. एका चाकाचा फेरा पुरा झाला कीं शेजारचें चाक आपोआप एक घर पुढें सरकावें, म्हणजे हातचा धरण्याचें काम यंत्रानेंच करावें, ही त्यांतील मुख्य युक्ति. कल्पना सोपी, पण त्या काळच्या कारागिरांकडून तीं चाकें बिनचूक घडवून घेणें फार कठिण होतें. सुमारें पन्नास नमुने त्यानें करविले, तेव्हां १६४५ सालीं त्याच्या मनासारखें यंत्र तयार झालें. त्यांपैकीं कांहीं यंत्रें पॅरिसच्या संग्रहालयांत जपून ठेविलेलीं आहेत. या श्रमानें त्याची प्रकृति कायमची बिघडली. अठराव्या वर्षापासून दुखण्यावांचून एक दिवस गेला नाहीं, असें तो पुढें सांगत असे.

आतां आपण ज्या विषयासाठीं पास्कलची मुख्यतः आठवण करीत आहों, त्याकडे वळूं. पिचकारींत किंवा पंपांत दट्ट्या वर ओढला असतां पाणी त्याच्या मागोमाग वर चढतें, हें सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. तें कां चढतें? जुन्या पंडितांचें उत्तर असें होतें कीं, निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे; दट्ट्याच्या खालीं रिकामी जागा होऊं नये म्हणून पाणी धांवत जाऊन ती भरून काढतें. हें उत्तर अ‍ॅरिस्टॉटलच्या अनुयायांनीं शतकानुशतकें शिकविलें. परंतु इटलींतील पंप चालविणाऱ्या लोकांना एक विलक्षण अनुभव येई. सुमारें दहा मीटर उंचीपर्यंत पाणी येई, आणि पुढें कितीहि ओढलें तरी तें वर चढत नसे. गॅलिलिओनें आपल्या १६३८ सालच्या ग्रंथांत या गोष्टीचा उल्लेख केला आहे. निसर्गाचा तिटकारा दहा मीटरवरच कां संपावा?

गॅलिलिओच्या मागून टोरिचेल्ली यानें १६४४ सालीं या प्रश्नाला निराळें वळण दिलें. त्यानें पाण्याऐवजीं पारा घेतला. पारा पाण्याच्या सुमारें साडेतेरापट जड आहे. म्हणजे एक पेला पाणी जेवढें भरेल तेवढ्याच पेल्यांतील पारा साडेतेरा पेले पाण्याइतका भरेल. घनता अधिक म्हणतात ती हीच. एक बाजू बंद असलेली लांब कांचेची नळी पाऱ्यानें भरून, तोंड बोटानें दाबून, ती पाऱ्याच्या भांड्यांत उलटी उभी केली व बोट काढलें. पारा थोडा खालीं उतरला आणि सुमारें ७६ सेंटिमीटर उंचीवर थांबला. वर रिकामी जागा राहिली. टोरिचेल्लीनें असा तर्क केला कीं, आपण हवेच्या समुद्राच्या तळाशीं राहतों, आणि त्या समुद्राचा भार भांड्यांतील पाऱ्यावर पडून नळींतला पारा तोलला जातो.

ही बातमी १६४६ च्या ऑक्टोबरांत प्येर पती नांवाच्या एका परिचित गृहस्थाकडून रूआं येथें पास्कल पितापुत्रांस कळली. त्या तिघांनीं तो प्रयोग करून पाहिला. तेवीस वर्षांच्या पास्कलचें वैशिष्ट्य असें कीं, इतरांप्रमाणें तो एकदम कोणत्याहि पक्षाचा झाला नाहीं. पारा थांबतो एवढें दिसलें. तो हवेच्या भारानें थांबतो हें अजून दिसलें नव्हतें. वरची जागा खरोखर रिकामी आहे कीं पाऱ्याच्या सूक्ष्म वाफेनें भरलेली आहे, हेंहि ठरलें नव्हतें. म्हणून त्यानें प्रश्न सुटे केले आणि एकेकासाठीं वेगळा प्रयोग योजिला.

रूआं येथें कांचेचे चांगले कारखाने होते. पास्कलनें तेथें त्या वेळच्या ४६ फूट लांबीच्या कांचेच्या नळ्या करविल्या व त्या जहाजाच्या डोलकाठीला बांधून पुष्कळ लोकांच्या देखत उभ्या केल्या. एका नळींत पाणी, दुसरींत तांबडा द्राक्षरस. वरची जागा वाफेनें भरलेली असते असें मानणाऱ्या पंडितांचा तर्क असा कीं, मद्यामधून पाण्यापेक्षां वाफ अधिक निघते, तेव्हां ती मद्याला अधिक खालीं दाबील व मद्य पाण्यापेक्षां खालच्या पातळीवर थांबेल. प्रयोग झाला तों उलटेंच दिसलें. पाणी ३१ फुटांच्या आसपास थांबलें, आणि मद्य त्याहून कांहीं इंच वर राहिलें. कारण साधें होतें. मद्याची घनता पाण्याहून किंचित् कमी. तेव्हां तोच भार तोलण्यासाठीं मद्याचा स्तंभ किंचित् अधिक उंच हवा. वाफेचा येथें कांहीं संबंध नव्हता.

आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून पाटीवर एक लहानसा गुणाकार करावा. पाऱ्याची उंची ७६ सेंटिमीटर. तिला पाऱ्याच्या विशिष्टगुरुत्वानें, म्हणजे १३.६ नें, गुणलें म्हणजे सुमारें १,०३४ सेंटिमीटर, अर्थात् दहा मीटरांहून थोडें अधिक, असें उत्तर येतें. पंपांतील पाणी जेथें अडत असे, ती हीच उंची! पारा ठेंगणा आणि पाणी उंच. पण घनता व उंची यांचा गुणाकार दोहोंचा एकच. द्रवाचा दाब त्याच्या उंचीवर व घनतेवर अवलंबून असतो, नळी रुंद आहे कीं अरुंद यावर नाहीं, हा नियम या एका गुणाकारांत सांठविलेला आहे. आणखी असें कीं, एक चौरस सेंटिमीटर जागेवर १,०३४ सेंटिमीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तर त्याचें वजन एक किलोग्रॅमहून थोडें जास्त भरेल. तेवढाच भार आपल्या अंगाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हवा घालीत असते. आपण चिरडून कां जात नाहीं? कारण हवा वरून, खालून, बाजूंनीं व शरीराच्या आंतूनहि सारखीच दाबते.

१६४७ च्या ऑक्टोबरांत पास्कलनें पोकळीविषयींच्या आपल्या नव्या प्रयोगांचें एक लहान पुस्तक छापलें. त्यांतहि निसर्गाचा तिटकारा हा जुना शब्द त्यानें टाकून दिलेला नाहीं. त्या तिटकाऱ्याला मर्यादा आहे, एवढेंच तो म्हणतो. कारण हवेच्या भाराचा सरळ पुरावा अद्याप हातीं आला नव्हता. याच वर्षीं तो फार आजारी पडला. पायांतील शक्ति गेली व कांहीं काळ कुबड्यांवांचून चालतां येईना. उपचारांसाठीं तो जाक्लीनसह पॅरिसला आला. तेथें त्या काळचा थोर तत्त्ववेत्ता देकार्त त्याला भेटावयास आला व दोघांचें या विषयावर बोलणें झालें. डोंगराचा प्रयोग आपणच सुचविला असें देकार्तनें पुढें सांगितलें; परंतु तो घडवून आणला पास्कलनें, याविषयीं वाद नाहीं.

पास्कलचा विचार असा होता: पारा जर वरच्या हवेच्या भारानें तोलला जात असेल, तर डोंगराच्या माथ्यावर हवेचा थर कमी जाडीचा असल्यामुळें पारा तेथें कमी उंचीवर थांबला पाहिजे. निसर्गाचा तिटकारा हें जर खरें कारण असेल, तर निसर्ग डोंगरावर पोकळीचा कमी व पायथ्याशीं अधिक तिटकारा करतो असें कोणालाहि म्हणतां येणार नाहीं. दोन मतांपैकीं एक खोटें पडावें असा हा प्रयोग होता. परंतु पॅरिसजवळ तेवढा उंच डोंगर नाहीं, आणि पास्कलला तर जिनाहि चढवत नव्हता. त्यानें १५ नोव्हेंबर १६४७ रोजीं आपला मेहुणा, जिल्बेर्तचा पति फ्लोरें पेरिये याला पत्र लिहून क्लेर्मांचा प्वी-द-दोम डोंगर सुचविला. पेरियेचें कामकाज व डोंगरावरील बर्फ-धुकें यांमुळें दहा महिने गेले.

अखेर १९ सप्टेंबर १६४८, शनिवार, हा दिवस उजाडला. पहांटे डोंगराचें शिखर दिसूं लागलें तेव्हां पेरियेनें निश्चय केला. धर्मगुरु, न्यायाधिकारी व एक वैद्य अशी गांवांतील प्रतिष्ठित मंडळी त्यानें साक्षीला घेतली. सकाळीं आठ वाजतां गांवाच्या सखल भागांतील एका मठाच्या बागेंत सारे जमले. दोन सारख्या नळ्या एकाच पाऱ्यानें भरून उलट्या केल्या; दोहोंत पारा २६ इंच ३॥ रेषांवर थांबला. (त्या वेळच्या फ्रेंच इंचाच्या बाराव्या भागास रेषा म्हणत.) एक नळी तेथेंच ठेवून मठांतील एका धर्मगुरूस दिवसभर तिच्यावर नजर ठेवण्यास सांगितलें, दुसरी घेऊन मंडळी डोंगर चढूं लागली.

माथ्यावर नळी भरून उलटी केली, तेव्हां पारा २३ इंच २ रेषांवर थांबला. तीन इंचांहून अधिक फरक! सर्वजण आश्चर्यानें थक्क झाले. पण पेरियेनें आनंदाच्या भरांत घाई केली नाहीं. माथ्यावरील लहान देवळाच्या आंत, बाहेर उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यांत, व पाऊस आणि धुकें आलें असतां त्यांतहि, असा पांच वेळां प्रयोग केला. प्रत्येक वेळीं तेंच माप. उतरतांना वाटेंत एका ठिकाणीं मोजलें तर २५ इंच; म्हणजे पायथा व माथा यांच्या मधलें. खालीं येऊन पाहतात तों तेथील नळींतला पारा दिवसभर तसूभरहि हललेला नव्हता. त्या दिवशीं हवामान खालींवर होत असूनहि हें घडलें, असें त्या धर्मगुरूनें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं गांवांतील उंच मनोऱ्यावरहि प्रयोग झाला, आणि तेवढ्या लहान उंचीलाहि सुमारें दोन रेषांचा फरक दिसला. हें कळतांच पास्कलनें पॅरिसमधील सें-जाक मनोऱ्यावर स्वतः पडताळा घेतला. त्याच वर्षीं त्यानें ही सर्व हकीकत छापली, व आतां मात्र पोकळीच्या तिटकाऱ्याची कल्पना त्यानें पूर्णपणें सोडून दिली.

आमच्या मतें या प्रयोगाचें खरें सौंदर्य माथ्यावरील नळींत नसून मठांतील नळींत आहे. ती नसती तर हवा पालटली म्हणून पारा उतरला असें कोणीहि म्हणूं शकला असता. ज्या नळींत कांहींच घडलें नाहीं, तिनेंच दुसरीची साक्ष खरी ठरविली. आणखी एक गंमत पाहा. प्वी-द-दोमची उंची समुद्रसपाटीपासून १,४६५ मीटर, आपल्या कळसूबाईहून किंचित् कमी. परंतु क्लेर्मां गांवच मुळीं उंचावर असल्यामुळें चढ सुमारें एक हजार मीटरांचा. आजच्या मापानें पारा त्या चढांत सुमारें साडेआठ सेंटिमीटर उतरला. याला १३.६ नें गुणलें कीं सुमारें ११५ सेंटिमीटर पाणी, म्हणजे एक चौरस मीटरावर १,१५० किलोग्रॅम. हा भार एक हजार मीटर उंचीच्या हवेचा. तेव्हां एक घनमीटर हवेचें वजन एक किलोग्रॅमहून थोडें अधिक. अशा रीतीनें एक नळी डोंगरावर नेऊन दाबाच्या फरकावरून खुद्द हवेची घनता काढतां येते!

यानंतर पास्कलनें द्रवांचा समतोल आणि हवेचें वजन या विषयांवर दोन निबंध लिहिले. ते १६५४ च्या सुमारास पुरे झाले, पण त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं पेरियेनें छापले. त्यांत पिचकारी, भाता, श्वासोच्छ्वास, लेंकराचें दूध पिणें, या सर्वांचें कारण हवेचा भार कसा आहे हें दाखविलें आहे. अर्धवट फुगविलेला फुगा डोंगरावर नेला असतां तो वाटेंत फुगत जातो व उतरतांना पुन्हां सैल होतो, हेंहि त्यांत सांगितलें आहे. परंतु सर्वांत मोठा शोध पुढील आहे. पाण्यानें गच्च भरलेल्या बंद भांड्याला दोन तोंडें असावीं, एक लहान व दुसरें त्याच्या शंभरपट क्षेत्रफळाचें, आणि दोहोंत घट्ट बसणारे दट्टे असावेत. लहान दट्ट्यावर एका माणसानें जोर केला तर मोठ्या दट्ट्यावर शंभर माणसांचा जोर तोलला जातो. कारण बंद द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पसरतो. मात्र यांत फुकट कांहीं मिळत नाहीं. लहान दट्ट्या शंभर इंच खालीं जाईल तेव्हां मोठा एक इंच वर येईल, हेंहि पास्कलनें स्पष्ट केलें आहे. याच तत्त्वावर १७९५ सालीं इंग्लंडांत ब्रामा यानें दाबयंत्राचें पेटंट घेतलें. आज मोटारीचा चालक पायानें ब्रेक दाबतो तेव्हां तेलाच्या नळींतून चाकांपर्यंत जाऊन पोंचतो तो पास्कलचाच नियम.

थोर मनुष्याचे दोष झांकून ठेवणें हें चरित्रलेखकाचें काम नव्हे. १६५१ सालीं वडील वारले. जाक्लीनला मठवासिनी व्हावयाचें होतें. आजारी पास्कलला ती आपल्याजवळ राहावी असें वाटत होतें. त्यानें तिला विरोध केला, आणि तिच्या वांट्याचा पैसा मठाला देण्यावरून बहीणभावांत कटुता आली. १६५२ च्या आरंभीं ती पोर्ट-रॉयल मठांत गेलीच. शेवटीं पास्कलनें पैसाहि दिला. ज्या बहिणीचा त्याला राग आला होता, तिच्याकडेच तो पुढें मनाच्या अस्वस्थतेंत वारंवार जाऊं लागला. १६५४ सालीं त्यानें फेर्मा या गणितज्ञाशीं पत्रव्यवहार करून संभवनीयतेच्या गणिताचा पाया घातला. आणि त्याच वर्षीं २३ नोव्हेंबरच्या रात्रीं त्याला देवाच्या सान्निध्याचा असा उत्कट अनुभव आला कीं, त्यानें तो कागदावर टिपून आपल्या अंगरख्याच्या अस्तरांत शिवून ठेविला. आठ वर्षें तो कागद त्याच्या अंगावर होता. मृत्यूनंतरच तो एका नोकराला सांपडला. धर्मावर एक मोठा ग्रंथ लिहिण्याचा त्याचा संकल्प होता. तो अपुरा राहिला. त्याचीं टिपणें १६७० सालीं विचार या अर्थाच्या नांवानें प्रसिद्ध झालीं व फ्रेंच वाङ्मयाचें तें एक भूषण मानलें जातें.

शेवटचीं वर्षें फार कष्टाचीं गेलीं. १६६१ सालीं जाक्लीन वारली. तरी १६६२ च्या मार्चांत पास्कल व त्याचे मित्र यांच्या पुढाकारानें पॅरिसमध्यें पांच सू भाडें घेऊन ठरलेल्या रस्त्यांवरून धांवणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. आजच्या शहरांतील बसगाड्यांची ती जणुं आजी होय. त्यांतून येणारा आपला पैसा ब्ल्वा प्रांतांतील दुष्काळपीडितांना पाठवावा अशी त्याची इच्छा होती. आपल्या घरांत त्यानें एका गरीब कुटुंबाला आश्रय दिला होता. त्यांतील एका मुलाला देवी आल्या. जिल्बेर्तला आपल्या मुलांची भीति, म्हणून ती येईना. आणि पास्कलला तर तिच्या शुश्रूषेची फार गरज. आजारी मुलाला हलविण्यांत धोका आहे, मला हलविण्यांत तितका नाहीं, असें ठरवून तो स्वतःच आपल्या घरांतून निघून बहिणीच्या घरीं गेला. तेथेंच १९ ऑगस्ट १६६२ रोजीं त्याचें देहावसान झालें.

१९७१ सालीं वजनेंमापें ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें दाबाच्या एककाला पास्कल हें नांव दिलें. एका चौरस मीटरवर एक न्यूटन जोर म्हणजे एक पास्कल. समुद्रसपाटीला हवेचा प्रमाण दाब १,०१,३२५ पास्कल मानतात. हवामानखातें वादळाच्या दिवसांत हवेच्या दाबाचे आंकडे देतें ते शंभर पास्कलांच्या मापानें, म्हणजे हेक्टोपास्कलांत, असतात; आणि दाब उतरला म्हणजे कोळ्यांना समुद्रावर न जाण्याचा इशारा मिळतो. क्लेर्मांच्या मठांतील ती न हललेली नळी अशा रीतीनें आमच्या किनाऱ्यावरील माणसांचे जीव वांचवीत आहे.

मुलांनो, पास्कलची बुद्धि प्रत्येकाला मिळेल असें नाहीं. परंतु पाहिलें किती व मानलें किती यांतील भेद ओळखणें, पुरावा येईपर्यंत निकाल राखून ठेवणें, आणि पुरावा आल्यावर जुनें मत निमूटपणें सोडून देणें, एवढें तर प्रत्येकाच्या हातीं आहे. पुढील खेपेस प्रयोगशाळेंत पाऱ्याची नळी दिसेल तेव्हां तिच्यावरील आंकडा वाचूनच थांबूं नका. जो मनुष्य स्वतः डोंगर चढूं शकत नव्हता, त्यानें आपल्या विचाराला तो डोंगर चढविला, हेंहि त्या आंकड्यांत वाचावें.